पूररेषा कुणी सरकवली, मित्राताई?

मित्राताई, तुझ्या पुण्यानुमोदनाला अंबरनाथच्या विहारात बरीच माणसं आली होती. तुझ्या शाळेतल्या मैत्रिणी, क्वार्टर्समधले जुने शेजारी, आपलं अख्खं ऑफिस. एकेक जण उठून दोन शब्द बोलत होता. बदलापूरच्या नदीकाठच्या सोसायट्यांचे पाटणकर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "ताईंचा सगळ्यांवर विश्वास होता." तुझ्या आईने, माईंनी, माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तू असतीस तर हळूच विचारलं असतंस, "ह्यांना कुणी सांगितलं हे?"

तुझा कुणावरच विश्वास नव्हता. शेअर रिक्षा कॅम्प तीनच्या नेहमीच्या गल्लीत न वळता पुढे गेली की तू पुढे वाकून विचारायचीस, "इकडून का?" चहावाल्याने बिनसाखरेचा म्हणून दिलेला कप एक घोट घेऊन माझ्यापुढे सरकवायचीस, "तू बघ." डॉक्टरांनी पोटाचा रिपोर्ट हातात दिला तेव्हा तू दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन परत तपासणी केलीस. तिथेही तेच आलं, तेव्हा विचारलंस की दोन्ही लॅबची मशीनं एकाच कंपनीची तर नाहीत ना. हे मला माईंनी सांगितलं. सांगताना हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावून बसून राहिल्या.

मी त्या दिवशी बोललो नाही. लोकांना वाटलं, मला बोलवत नाही. खरं कारण वेगळं होतं. मला तुझं कौतुक करायचं नव्हतं, तुला एक प्रश्न विचारायचा होता, आणि तो चारचौघांत विचारण्यासारखा नव्हता. तो मी इथे विचारतो. उत्तर कसं मिळालं तेही सांगतो.

मी तुझ्या हाताखाली आलो तेव्हा आपलं ऑफिस जीन्सच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली मशीनं धडधडायची आणि निळा भुसा जिन्यातून वर यायचा. सर्व्हरच्या पंख्यावर त्याचा थर बसायचा. तू सकाळी आलीस की आधी त्या मशीनच्या अंगावर तळहात ठेवायचीस, ताप बघितल्यासारखा. मग ओल्या फडक्याने पंखा पुसायचीस आणि मगच पर्स खाली ठेवायचीस. आपले मालक दिलीपभाई म्हणायचे, "साईं, ये लडकी मशीन पे भी शक करती है." तू मान वर न करता म्हणायचीस, "मशीन खोटं बोलत नाही, भाई. पण चुकीचं ऐकतं."

आपण लोकांना नकाशे लावून द्यायचो. फोनवर किंवा कॉम्प्युटरवर नकाशा उघडला की मागे एक सर्व्हर तो तुकड्यातुकड्याने काढून पाठवतो, ते आपलं काम. सर्व्हरचा प्रोग्राम फुकट मिळणारा, ओपन सोर्स, म्हणजे त्याचं पोट कुणालाही उघडून बघता येतं. तुला तो ह्याचसाठी आवडायचा. विकतच्या प्रोग्रामबद्दल म्हणायचीस, "त्यांच्या शब्दावर चालावं लागतं. हा निदान उघडता येतो." तुझे बाबा फॅक्टरीतून सुटल्यावर विहारात मुलांना शिकवायचे. कुणी मोठ्याने सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः बघा, असं ते सांगायचे, आणि तू ते फार मनावर घेतलंस. माई म्हणतात, लहानपणी बाबांनाच उलटं विचारायचीस, "मग तुम्ही सांगता ते तरी का मानू?" बाबा खूश व्हायचे.

मग पूरनकाशाचं काम आलं. उल्हास नदीच्या काठच्या सोसायट्यांनी एकत्र येऊन ठरवलं होतं की आपली इमारत पूररेषेच्या आत आहे की बाहेर, हे लोकांना फोनवर बघता यावं. पूररेषा म्हणजे पाणी कुठवर चढू शकतं त्याची हद्द. ती जुन्या कागदी नकाशावरून उतरवून घेतली होती. रेषेच्या आतला भाग निळा दिसायचा.

पावसाळा लागला आणि नकाशा गुदमरला. बारवी धरण भरत आल्याची बातमी आली की सगळे एकदम फोन उघडायचे आणि पांढऱ्या चौकोनांकडे बघत बसायचे. तुला वाटलं, कुणीतरी मुद्दाम आपला नकाशा ओरबाडून नेतंय. मी म्हणालो, सेटिंग चुकलंय. आपण दोघं आठवडाभर भांडलो आणि मशीन उघडून बघत राहिलो. शेवटी सापडलं ते साधं होतं. एका गल्लीचा तुकडा मागितला तरी सर्व्हर अख्ख्या नदीचा थर पहिल्यापासून वाचत होता, कारण कुठे काय आहे ह्याची अनुक्रमणिकाच बांधलेली नव्हती. त्यात प्रत्येक वेळी तो जुन्या कागदाच्या मापातून आजच्या फोनच्या मापात रूपांतर करत होता. मी अनुक्रमणिका बांधली. तू लांबून दिसणाऱ्या नकाशाचे तुकडे आधीच काढून साठवून ठेवायची सोय केलीस. नकाशा पळायला लागला. तू म्हणालीस, "पळतोय खरा. पण इतका का पळतोय ते बघ." मी हसलो. तू हसली नाहीस.

तरी गर्दी वाढतच गेली, म्हणून दुसरं मशीन लावायचं ठरलं. पुढे एक दरवाजा आणि मागे दोन मशीनं. आलेली मागणी दरवाजा कधी ह्याच्याकडे पाठवणार, कधी त्याच्याकडे. मी तेव्हा तापाने घरी होतो. दुसरं मशीन तू एकटीने उभं केलंस. सगळं आपोआप बसवणारी तुझी स्वतःची स्क्रिप्ट होती, ती चालवलीस.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बदलापूरहून एका बाईंचा फोन आला. तू स्पीकर लावलास. बाई तापल्या होत्या. "मघाशी आमची बिल्डिंग निळ्यात होती. आता बाहेर आहे. परत उघडलं तर परत निळ्यात. तुम्ही लोक खेळताय का आमच्याशी?"

तू नकाशा उघडलास आणि त्यांच्या गल्लीपर्यंत आत गेलीस. इमारत निळ्यात होती. परत उघडलास. रेषा सरकून नदीकडे गेली होती, एक मोठी गल्ली ओलांडण्याएवढी. आपण दोघं काही वेळ ते बघत बसलो. तू बटण दाबत होतीस आणि नदीची हद्द इकडून तिकडे उड्या मारत होती.

"कुणीतरी हात घालतंय," तू म्हणालीस.

"बिघाड आहे, ताई."

"बिघाडाला दिशा असते? दर वेळी नदीकडेच सरकते. काठावरची जागा मोकळी होते. कुणाचा तरी फायदा आहे."

मला तेव्हा ते तुझं नेहमीचं वाटलं. पण तू संध्याकाळी दोन्ही रेषांच्या मधे कुणाकुणाच्या जागा येतात ते बघत बसलीस. एक नवा टॉवर होत होता, त्याचा बिल्डर. एक बंद पडलेली वीटभट्टी. आणि काही भातशेती, त्यात आम्हा भोईरांची. माझ्या काकाची. तू मला काहीच बोलली नाहीस. फक्त म्हणालीस, "रविवारी तुझ्या गावाला जाऊ. प्रत्यक्ष जागेवर उभं राहून बघू रेषा कुठे पडते."

मी खूश झालो. तू पहिल्यांदा आमच्या घरी येणार होतीस. काकूला फोन करून सांगितलं की आमच्या ताई येतायत.

तुझ्या स्कूटरवरून गेलो. बांधावर फोन घेऊन उभे राहिलो, तू चार ठिकाणी उभी राहून जागा पडताळलीस. मग घरी आलो. काकूने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी केली होती. तू मन लावून जेवलीस. आणि हात पुसता पुसता काकाला विचारलंस, "काका, ही जागा विकायची आहे का?"

काकाने माझ्याकडे बघितलं. "हेमंतनं सांगितलं का तुमाला?"

"नाही. मीच विचारते."

"बोलनी चालू हायेत. आदी कोन घेत नव्हता, पान्याच्या लाईनीन होती. यंदा त्या नकाशान बघला, तर भाईर दिसतंय. मंग बिल्डरचा मानूस आला."

मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी तसं म्हणालो. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस, नकाशाकडे बघायचीस तशी. काकू विचारत होती, अजून भाकरी वाढू का.

परतताना अंबरनाथच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा मीच म्हणालो, "तू मला तपासायला आली होतीस."

"हो."

"रेषा तपासायची म्हणाली होतीस."

"रेषाही तपासली."

सोमवारी माझा पासवर्ड चालेना. दोनदा टाकून बघितला. मग तुझ्या टेबलापाशी आलो.

"मी बंद केलाय," तू म्हणालीस.

"कधीपर्यंत?"

"कळेपर्यंत."

तू आवाज चढवला नाहीस. मीही नाही. पण ऑफिसात सगळ्यांनी ऐकलं. दिलीपभाई बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साईं, घर की बात है. ताईला तिचं काम करू दे." मला जुने नकाशे स्कॅन करायला बसवलं. कालपर्यंत माझ्या डब्यातलं खाणारी पोरं आता मी आलो की स्क्रीन बदलायची. खालचा कारखाना जेवणाच्या सुट्टीत थांबायचा तेव्हा ऑफिसात अशी शांतता व्हायची की मला जिन्यात जाऊन बसावंसं वाटायचं.

मला तुझा किती राग आला होता हे तुला कधी कळलं का? आठ-नऊ वर्षं तुझ्या शेजारी बसलो होतो. तुझ्या बाबांच्या शेवटच्या दिवसांत तुझ्याबरोबर हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो. आणि तू माझ्या काकाच्या घरी जेवून उठलीस आणि मला दाराबाहेर ठेवलंस.

त्यात नोंदी गायब निघाल्या. कोण कधी आत शिरलं, काय बदललं, हे सर्व्हर एका फाइलीत लिहून ठेवतो. पण गर्दीच्या काळात बारीकसारीक सगळं लिहायची सेटिंग चालूच राहिली होती, डिस्क भरली, आणि सर्व्हरने लिहिणं बंद केलं होतं. नेमका आपल्याला हवा तो काळ कोरा. तू ते कोरं पान बघितलंस आणि मग काचेपलीकडून मला बघितलंस. तुझ्या जागी मी असतो तर मीही तसंच बघितलं असतं. पण तेव्हा मी माझ्या जागी होतो.

आत जायला बंदी, म्हणून मी बाहेरून बघायला लागलो. साध्या माणसासारखा, फोनवर. नकाशा उघडायचा, गल्लीपर्यंत जायचं, परत उघडायचं. लांबून बघितलं तर रेषा कधीच हलत नव्हती. ते साठवलेले तुकडे होते, पहिल्या मशीनने पूर्वी काढलेले. जवळ गेलं की हलायची. आणि एक दिवस लक्षात आलं की बरोबर रेषा जरा रेंगाळत येते आणि चुकीची झटकन येते. नवं मशीन जास्त वेगवान होतं. म्हणजे हात घालणारा कुणी नव्हताच. दोन मशीनं दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगत होती.

खाली चहाच्या टपरीवर तू एकटी उभी होतीस. मी जवळ जाऊन म्हणालो, "चुकीची रेषा लवकर येते."

तुझा कप तोंडाशी थांबला. "कधी कळलं?"

"आत्ताच."

"मला परवा."

"मग माझा पासवर्ड?"

"मशीन कुठलं चुकतंय ते कळलं. कुणी चुकवलं ते नाही कळलं."

तू कप ठेवून वर निघून गेलीस. 

तोवर बोंबाबोंब झाली होती. टॉवरवाल्या बिल्डरची माणसं टॅबवर आपला नकाशा उघडून गिऱ्हाइकांना दाखवत होती, बघा, पूररेषेच्या बाहेर. सोसायट्यांच्या हॉलमध्ये बैठक लागली. गाडीत दिलीपभाईंनी सगळ्यांना बजावलं, "टेक्निकल प्रॉब्लेम बोलना, बस. जास्त खोलात जायचं नाही." तू खिडकीबाहेर बघत होतीस.

हॉल भरला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, वर फिरणारे पंखे, मागे उभी असलेली माणसं. दिलीपभाईंनी तांत्रिक बिघाड झाला असं सांगितलं. मागून एक गृहस्थ म्हणाले, "बिघाड नाही हा. तुमच्याकडे कुणी भोईर आहे ना? त्याच्या काकांची जागा तिथेच आहे. आम्हाला काय कळत नाही का?"

माना वळल्या. मला ओळखणारे मोजके होते, पण त्यांनी बघितलं म्हणून बाकीच्यांनी बघितलं.  मी उठणार होतो, तेवढ्यात तू उठलीस.

"दुसरं मशीन मी उभं केलं," तू म्हणालीस. "जुना कागदी नकाशा ज्या मापात आहे, त्या मापाची व्याख्या, म्हणजे कागदावरची जागा जमिनीवर नेमकी कुठे पडते ते, सर्व्हरमध्ये तयार येते, पण ती अपुरी असते. पहिल्या मशीनवर मी ती फार पूर्वी हाताने दुरुस्त केली होती. दुसऱ्यावर करायची राहिली. सर्व्हर कुरकुर करत नाही, गुपचूप चुकीच्या जागी रेषा काढतो. चूक माझी आहे. हेमंत भोईरचा ह्यात काही संबंध नाही. त्याला मी कामावरून बाजूला केलं होतं, ते माझ्या संशयावरून. तेही चूक."

 पाटणकरांनी पाण्याची बाटली उघडली आणि परत बंद केली. दिलीपभाई जमिनीकडे बघत होते. तू बसलीस आणि ओढणीने कपाळ पुसलंस. माझ्याकडे बघितलं नाहीस.

पुढचं सगळं तू एकटीने निस्तरलंस. रेषा दुरुस्त केलीस. टॉवरच्या सँपल फ्लॅटबाहेर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगितलंस की तुम्हाला दाखवलेला नकाशा चुकीचा होता, चुकवणारी मी. बिल्डरच्या माणसाने हटकलं तेव्हा तिथून हलली नाहीस. एका जोडप्याने तुझ्यामुळे बेत रद्द केला आणि तुलाच चार शब्द सुनावून गेले. माझा पासवर्ड बैठकीच्या दुसऱ्या दिवशी चालू झाला होता. त्याबद्दल तू काही बोलली नाहीस. माझ्या टेबलावर नवीन कामाची फाइल ठेवली होती, एवढंच.

काकाचा सौदा मोडला. काकाला आजही वाटतं की रेषा मीच परत आत घेतली, तुझ्या सांगण्यावरून. दिवाळीला गेलो तर त्याने ओटीवरून उठून आतली वाट धरली. काकू पोह्यांची बशी घेऊन मधेच उभी राहिली.

आता माझा प्रश्न.

मित्राताई, तुझं काही राहत नाही. इतक्या वर्षांत मी कधी तुझं राहिलेलं बघितलं नाही. मी "राहिलं" म्हणालो की तू म्हणायचीस, "आपोआप काही राहत नाही, हेमंत. कुणीतरी ते मागे ठेवलेलं असतं." मग त्या हॉलमध्ये भरल्या सभेत तू तोच शब्द वापरलास, "राहिली." आणि माझ्याकडे बघितलं नाहीस. मी ऐकलं तेव्हाच मनात किंतु आला.

नंतर कळलं की बैठकीच्या आधीच तुझ्या हातात दोन्ही लॅबचे रिपोर्ट होते. ते कळल्यावर माझी झोप गेली. म्हणजे तुला माहीत होतं की तुझ्याकडे फार काळ नाही, तुझ्या नोकरीचं काही झालं तरी आता फरक पडत नाही, आणि माझ्यापुढे अख्खं आयुष्य आहे. समोर माणसं माझं नाव घेतायत. मग तू उठलीस आणि सगळं स्वतःवर घेतलंस. असंच झालं का? म्हणजे तुला शेवटपर्यंत वाटत होतं की रेषा मीच सरकवली, काकासाठी? आणि तरी वाचवलंस?

लोक म्हणतील, तसं असलं तर आणखीच मोठं मन. मला तसलं मोठं मन नको होतं. तू मला चोर समजून माफ केलंस, ह्यापेक्षा तू मला चोर समजून हाकललं असतंस तर परवडलं असतं.

एकदा जिन्यात विचारलं होतं, आठवतं? "खरंच राहिलं होतं का?" तू दोन पायऱ्या वर होतीस. म्हणालीस, "सांगितलं ना सगळ्यांसमोर." हे उत्तर नव्हे. दुसऱ्या कुणी असं उत्तर दिलं असतं तर तू सोडलं नसतंस.

हॉस्पिटलमध्ये आलो तेव्हा तू फार बारीक झाली होतीस. मला बघून पहिलं विचारलंस, "सर्व्हरवर लोड किती आहे?" मी सांगितलं. म्हणालीस, "पावसाळ्याआधी तुकडे काढून साठवून ठेव. ऐनवेळी करू नकोस." मग मी म्हणालो, "ताई, एक विचारू?"

"विचार."

तेवढ्यात सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. तू तिला औषधाचं नाव विचारलंस, बाटली उलटी करून वाचलीस. नंतर तुझे डोळे जड झाले. माई म्हणाल्या, झोपू दे. मी म्हणालो, उद्या विचारतो. तू पुन्हा नीट जागी झालीच नाहीस.

मग मी काय करायचं? आपलं दुसरं मशीन तू दुरुस्त केलेलं. स्क्रिप्टमध्येही ती ओळ तू नंतर घातलेली. त्यावरून काही सिद्ध होत नाही. तू खोटं बोलली असतीस तर ते पुरतं बोलली असतीस, मागचं सगळं जुळवून. इतका संशय घ्यायला मला तूच शिकवलंस.

विहारातून परत येताना मला अंबरनाथचं मशीन आठवलं. एमआयडीसीतल्या कारखानदारांच्या संघटनेसाठी तू एक नकाशा लावला होतास, कुठल्या कारखान्यात कुठलं रसायन आहे ते अग्निशमनवाल्यांना दिसावं म्हणून. त्याच स्क्रिप्टने, पूरनकाशाच्या दुसऱ्या मशीनच्या आधी. तिथल्या कामात जुना कागद नव्हता, त्यामुळे ती व्याख्या चुकलेली असली तरी कधी कुणाला कळलं नसतं, आणि दुरुस्त करायची वेळही आली नसती.

मी दुपारी गेलो. तिथले क्लार्क शिंदे चष्म्यावरून बघत म्हणाले, "ताई नाही आल्या?"

मी सांगितलं. ते उठले होते ते परत खाली बसले. म्हणाले, "दर वेळी विचारायच्या, शिंदे, मशीनला हात लावला का कुणी?"

"लावला होता का?"

"त्यांच्या भीतीने पुसायलासुद्धा कुणी जवळ जात नाही."

खरंच, धूळ होती. मी तळहाताने पुसली आणि खुर्ची ओढून बसलो. पूररेषेचा थर पेनड्राइव्हवर आणला होता, तो त्या मशीनवर चढवला. तू एकदा बसवून दिल्यावर ज्याला कुणी शिवलं नव्हतं असं हे मशीन. त्याने रेषा बरोबर काढली, तर तुझ्या स्क्रिप्टमध्ये आधीपासून सगळं होतं, आणि हॉलमध्ये तू खोटं बोललीस, माझ्यासाठी. चुकीची काढली, तर तू खरं बोललीस.

नकाशा मागितला आणि नजर टाळून शिंद्यांच्या टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत राहिलो. मग वर बघितलं.

रेषा नदीकडे सरकलेली होती. आमच्या काकाची जागा कोरडी ठणठणीत, निळ्याच्या बाहेर. मी परत मागितला, तिसऱ्यांदा मागितला. तिन्ही वेळा तीच चूक. मग व्याख्येची फाइल उघडली. ती जशी फुकटात मिळते तशीच होती, अपुरी.

राहिलीच होती ती, ताई. तुझ्याकडूनच राहिली होती. तू मला तपासलंस, काकाला तपासलंस, आणि मग कुणाला न सांगता स्वतःला तपासलंस आणि तिथे सापडलीस. टपरीवर मला म्हणालीस, कुणी चुकवलं ते कळलं नाही. मग ते कळलं त्या दिवशी तू कशी घरी गेली असशील, माईंशी काय बोलली असशील, हे मला आता कधी कळणार नाही. पण हॉलमध्ये उठलीस ती मला वाचवायला नव्हे. जे खरं होतं ते सांगायला उठलीस. मी निर्दोष आहे हे तुला माहीत होतं.

तरी तू मला एकटं गाठून "चुकलं" म्हणाली नाहीस. सभेत म्हणालीस, मला नाही. त्याचा राग अजून आहे आणि तो मी सोडणार नाही. काकाच्या ओटीवर मला आजही कुणी बस म्हणत नाही, त्यात तुझा वाटा आहे. आणि तू नसतीस तर मला हे काम आलं नसतं, प्रश्न विचारायची हिंमत आली नसती, त्या अंबरनाथच्या खुर्चीपर्यंत मी पोचलोच नसतो, त्यातही तुझाच वाटा आहे. ह्या दोन गोष्टी एकमेकींतून वजा होत नाहीत. मी करून बघितलं.

मी चष्मा काढून डोळे पुसत होतो. शिंदे उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि स्क्रीनकडे बघत म्हणाले, "बिघडलंय का काही?"

"हो. नकाशा चुकीचा आहे."

"दुरुस्त होईल ना?"

"एका ओळीचं काम आहे," मी म्हणालो. "करतो. पण जरा वेळ असाच राहू द्या."

त्यांनी माझ्यासाठी खुर्चीजवळ पाण्याचा ग्लास आणून ठेवला.